स्मरण कोणाचे?

निवृत्ती हे आमच्या थोरल्या दादांचे नाव. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई हा क्रम ज्याने लहानपणी पाठ केला, त्याच्या कानाला ‘मी गेल्या महिन्यात निवृत्त झालो’ हे वाक्य जन्मभर थोडे चमत्कारिकच लागते. परंपरेने सांगितलेले शक धरले तर निवृत्तिनाथांचा जन्म शके ११९५ चा आणि माउलींचा शके ११९७ चा. ज्ञानेश्वरी झाली शके १२१२ मध्ये. ती ज्यांच्या कृपेने झाली असे माउली पदोपदी सांगतात, ते सद्गुरू म्हणजे त्या वेळी जेमतेम १७ वर्षांचे थोरले भाऊ. आमच्या संप्रदायात निवृत्ती आली ती मिसरूड फुटण्याच्या वयात. शासनाच्या दप्तरी ती ५८ व्या नाही तर ६० व्या वर्षी येते, शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे एक घड्याळ घेऊन. ज्याला आता वेळ पाहायची गरज उरली नाही त्याला घड्याळ कशासाठी देतात, हे मला अजून उमगलेले नाही.

त्यातही आपण नुसते निवृत्ती म्हणत नाही, सेवानिवृत्ती म्हणतो. सेवेतून सुटका. वारकऱ्याला हा शब्द पचायला जड आहे, कारण त्याच्याकडे सेवा ही सुटण्याची गोष्ट नसते, मिळण्याची असते. दिंडीत वीणा गळ्यात घ्यायला मिळावी म्हणून माणसे वर्षानुवर्षे वाट पाहतात. पहाटे काकड्याच्या आधी उठून देऊळ झाडणाऱ्याला कोणी साठाव्या वर्षी शाल घालून घरी पाठवत नाही. त्याचे हात चालेनासे झाले तर तो कोपऱ्यात बसून वाती वळतो. सावतोबांनी अरणचा मळा सोडला नाही, जनाबाईंचे जाते थांबले नाही. ही माणसे कशातूनही निवृत्त झाली नव्हती, आणि तरीही त्यांच्याइतके निवृत्त दुसरे कोणी सापडणार नाही.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की आजच्या सेवानिवृत्त मंडळींना एक नवे औषध मोठ्या प्रमाणात दिले जात आहे. त्याचे इंग्रजी नाव माइंडफुलनेस, मराठीत कोणी सजगता म्हणतात, कोणी पूर्णभान. त्याची पुस्तके आहेत, शिबिरे आहेत, मोबाइलमध्ये अ‍ॅप आहेत. कानात दोन बोंडे घातली की एक मंजूळ आवाज सांगतो, ‘श्वासाकडे लक्ष द्या. विचार येतील, जातील. आता फक्त स्वतःसाठी जगा. शांत व्हा.’ ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभेला जावे तर व्याख्यात्याचे तेच, वर्तमानपत्राची पुरवणी उघडावी तर त्यातही तेच. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२४ मध्ये ठराव करून २१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिवस म्हणून ठरवला, तेव्हापासून तर आमच्या तालुक्याच्या गावीही त्या दिवशी फलक लागतात.

माझा वाद श्वासाशी नाही. श्वास पाहावा, न पाहावा, तो आपले काम करतोच. माझा वाद ‘फक्त स्वतःसाठी’ या दोन शब्दांशी आहे, आणि शांती ही एक वस्तू आहे व ती मिळवणे हे म्हातारपणीचे कर्तव्य आहे, या समजुतीशी आहे.

ज्या शब्दाचा एवढा बोलबाला आहे तो आला कुठून ते आधी पाहू. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन नावाच्या गृहस्थांनी १९७९ मध्ये ताण कमी करण्याचा वर्ग सुरू केला. दुखण्यांनी जेरीस आलेले रोगी त्यात येत. ते स्वतः बौद्ध आचार्यांकडे ध्यान शिकलेले होते, पण दवाखान्यात चालावे म्हणून त्यांनी त्यातला धर्माचा भाग बाजूला ठेवला. आजचा बाजार बराचसा त्या झऱ्यावर उभा आहे. माइंडफुलनेस हा इंग्रजी शब्द त्याही आधीचा. ऱ्हिस डेव्हिड्स या पंडितांनी १८८१ मध्ये पाली सुत्तांचे भाषांतर केले, तेव्हा ‘सति’ या पाली शब्दासाठी त्यांनी तो वापरला. आता हे पाली ‘सति’ म्हणजे काय? संस्कृतात त्याचेच रूप ‘स्मृति’. स्मरण!

पोथी वाचत मोठ्या झालेल्या माणसाला येथे थोडे हसू येते. स्मरण हा शब्द आपल्या दारातून निघाला, समुद्रापलीकडे जाऊन कपडे बदलून आला, आणि आता आपणच त्याला पाहुणा समजून पाट मांडतो आहोत. परंतु यावरून ‘पाहा, हे सारे आमचेच होते’ अशी टाळी घेण्याचा माझा बेत नाही. ती टाळी घेणाऱ्यांशीही मला भांडायचे आहे, ते पुढे येईलच. मला एवढेच विचारायचे आहे की स्मरण म्हटले की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो, कोणाचे? स्मरणाला कोणीतरी लागतो. आईला लेकराचे स्मरण असते, सावकाराला कर्जाचे. कोणाचेच नसलेले स्मरण मी तरी पाहिलेले नाही. आणि ज्याला दुसरे कोणी उरले नाही त्याच्या स्मरणात शेवटी एकच उरतो, तो स्वतः.

बुद्धदेवांच्या मार्गावर मी हा आरोप करतो आहे असे कोणी समजू नये. आमच्या संतांनी विठोबाला बौद्ध अवतार म्हटलेले आहे, तेव्हा त्या घराविषयी आडवे बोलण्याचा मला अधिकार नाही. त्यांच्या अष्टांगिक मार्गात सम्यक् स्मृती हे आठांपैकी एक अंग आहे. तिच्या सोबतीला वाणी शुद्ध हवी, कर्म शुद्ध हवे, पोट भरण्याचा धंदासुद्धा शुद्ध हवा. सत्यनारायण गोयंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यनेची शिबिरे होऊ लागली. दहा दिवस मौन, शुल्क नाही, आणि श्वासाकडे वळण्याआधी पंचशील घ्यावे लागते. आधी कोणाला मारू नका, चोरू नका, खोटे बोलू नका, मग बसा. शेवटी मैत्रीची भावना सर्व जीवांना वाटून द्यायची. ही वाट वारकऱ्याची नसली तरी वाट आहे, तिला कुंपण आहे, पायऱ्या आहेत. मी ज्याच्याविरुद्ध लिहितो आहे ते म्हणजे त्या आठ अंगांतले एक तोडून, धुऊन, पुडीत बांधून विकणे. झाडाची एक फांदी आणून कुंडीत खोचली की दोन दिवस हिरवी दिसते.

आता एक उदाहरण. नाव-गाव सांगण्याचे कारण नाही. माझ्याहून चारपाच वर्षांनी लहान असलेले एक गृहस्थ, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. माझ्या कीर्तनाला पूर्वी पहिल्या रांगेत असत. निवृत्तीनंतर दोनतीन वर्षे फार चिडचिडे झाले होते, मुलाशी पटत नव्हते. मग त्यांना या सजगतेची गोडी लागली. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, खोलीचे दार बंद. मी भेटायला गेलो तेव्हा चेहरा खरोखर निवळलेला होता, ते मी नाकारत नाही. पण घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हते. नातू पायात चपला न घालता, चवड्यांवर चालत होता. आतल्या खोलीत त्यांच्या पत्नी अर्धांगाने अंथरुणाला खिळल्या होत्या, दोन वर्षे. त्यांना कूस बदलायला, भरवायला एक बाई ठेवली होती, आणि ती दुपारी गेली की सून पाही. मी वहिनींजवळ थोडा बसलो. त्यांना बोलता नीट येत नव्हते, पण त्यांनी माझा हात धरला तो सोडीनात. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, ‘महाराज, आता मला काहीच लागत नाही बघा. सगळे येते आणि जाते.’

मला घरी येईपर्यंत बोलवेना. ज्याला आतल्या खोलीतले कण्हणे लागत नाही, त्याचे काय बरे झाले आहे? त्यांच्या शांतीची किंमत नातवाचे पाय, सुनेचे हात आणि वहिनींचे एकटेपण अशी तीन जागी चुकती होत होती. कोणी म्हणेल, ही त्या पद्धतीची चूक नव्हे, त्या माणसाची. असेल. परंतु पद्धतीने त्यांना एकदाही विचारले नाही की आतल्या खोलीत कोण आहे. तिने विचारले ते, तुम्हाला कसे वाटते आहे? एवढेच. आणि त्यांना बरेच वाटत होते.

यावर विद्वान वाचक सहावा अध्याय उघडतील. माउलींनी ध्यान सांगितलेले नाही काय? सांगितले आहे, आणि असे सांगितले आहे की वाचताना आपली पाठ आपोआप ताठ होते. बसायची जागा कशी असावी, आसन कसे असावे, आहार-निद्रा किती असावी, कुंडलिनी कशी जागते, सारे तपशिलाने आहे. पण अर्जुनाचे उत्तर विसरू नये. तो सरळ म्हणतो की देवा, हे मन म्हणजे वारा, हे मला आवरणार नाही. भगवंत त्याला खोटे पाडत नाहीत. कठीण आहे खरे, म्हणतात, अभ्यास आणि वैराग्य यांनीच ते साधेल. आणि अध्याय संपताना सर्व योग्यांमध्ये श्रेष्ठ कोणाला ठरवतात? श्रद्धेने ज्याचा जीव भगवंतात गुंतला त्याला. ध्यानाचा एवढा मोठा डोंगर चढवून नेऊन माथ्यावर भक्तीचे देऊळ दाखवले आहे. चांगदेवांची कथा तर पोरासोरांना ठाऊक आहे. योगबळाने १४०० वर्षे काळाला चकवलेला तो सिद्ध शेवटी एका लहान मुलीचा, मुक्ताईचा, शिष्य झाला.

बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे येतात. ती ज्या क्रमाने येतात त्या क्रमाकडे मी कीर्तनात नेहमी बोट दाखवीत असे. कोणत्याही भूताचा द्वेष नाही हे पहिले. मग मैत्री. मग करुणा. मग ममत्व आणि अहंकार गेलेला असणे. त्याच्यानंतर कुठे सुखदुःख समान वाटणे येते. आजच्या शिबिरांत हा क्रम उलटा झाला आहे. सुखदुःख समान वाटण्यापासून आरंभ, आणि करुणा वेळ उरला तर. पायरीवरची माती न काढता कळस घासण्यासारखे आहे हे. दुसऱ्या अध्यायात शांतीवाचून सुख नाही असे भगवंत म्हणतात ते खरे, पण त्याच श्लोकात त्याच्या आधी भावनेवाचून शांती नाही असेही म्हणतात. अर्धा श्लोक सोडून उरलेला अर्धा भिंतीवर लावायची सवय आपल्याला फार.

दार लावून मिळणाऱ्या शांतीबद्दल तर आमच्या परंपरेत एक संपूर्ण प्रकरणच आहे. लोकांच्या कुत्सित बोलण्याने व्यथित होऊन माउलींनी आळंदीत झोपडीचे दार लावून घेतले अशी कथा आहे. आत ते ध्यानाला बसले. माउलींपेक्षा ध्यानाचा मोठा अधिकारी कोण? पण बाहेर धाकटी बहीण उभी राहिली आणि तिने ती ताटी उघडायला लावली. ते ताटीचे अभंग मुक्ताईच्या नावावर आहेत. मुक्ताई ध्यान मोडल्याबद्दल क्षमा मागत नाही. जगाने टोचले म्हणून जगाला दार लावायचे हे तुमच्यासारख्याला शोभत नाही, असा त्या विनवणीचा रोख आहे. ज्याने दार लावले त्याला आतून कडी काढावी लागली. त्याच हृदयातले पसायदान पाहा, सर्व भूतांसाठी मागणे आहे, आपल्या मनाला स्वस्थता लाभावी हे मागणे त्यात कुठे दिसत नाही.

मी वर ज्या गृहस्थांविषयी लिहिले त्यांच्या दाराशी कोणी मुक्ताई उभी राहिली नाही. वहिनींना बोलता येत नव्हते.

दुसरी कथा मडक्याची. संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर थापटले, आणि नामदेवराय चिडले, तेव्हा त्यांचे मडके कच्चे ठरले. नामदेवरायांशी देव बोलत होता, त्यांच्या हातचे जेवत होता! तरी थापटणे बसताच मन उसळले. मग ते विसोबा खेचरांकडे औंढ्याला गेले. ही गोष्ट मला निवृत्त मंडळींना मुद्दाम सांगावीशी वाटते. एकट्याच्या खोलीतली शांती पक्की की कच्ची हे त्या खोलीत कळण्याचा उपायच नाही. त्याला बाहेरचे थापटणे लागते. सून उलट बोलली, पेन्शनच्या कार्यालयात कारकुनाने चौथ्यांदा परत पाठवले, मुलाने फोन उचलला नाही. नाथमहाराजांच्या अंगावर गोदावरीच्या घाटावर तो मनुष्य पुन्हा पुन्हा थुंकला आणि नाथ पुन्हा पुन्हा स्नान करून आले, ही पैठणची गोष्ट याच जातीची. ती शांती घाटावर, माणसांत, उन्हात दिसली.

येथे एक आक्षेप असा येईल की तो मी स्वतःच आणतो. गोरोबाकाका माती तुडवताना नामात एवढे बुडाले की पोटचे पोर पायाखाली गेले ते कळले नाही. मग त्या गृहस्थांना नावे ठेवणाऱ्या महाराजांनी यावर काय म्हणावे? कीर्तनात ही कथा तल्लीनतेचा नमुना म्हणून रंगवतात, आणि मला ते कधीच रुचले नाही. कथा तेथे थांबत नाही हे पाहा. आईचा आक्रोश त्या कथेत आहे. तिने घातलेली शपथ आहे, त्यापायी काकांचे हात जाणे आहे, आणि शेवटी पंढरीत नामदेवरायांच्या कीर्तनात हात परत येऊन मूल रांगत आईकडे येणे आहे. ते मूल परत आल्याशिवाय आमच्या परंपरेला ती गोष्ट संपवता आली नाही. नामात बुडालेल्या पायाखाली गेलेले लेकरूसुद्धा तिने हिशेबात धरले. तल्लीनता मोठी म्हणून आईचे दुःख लहान, असे कोणी म्हटले नाही.

आता आमच्याच लोकांकडे वळतो. सजगतेची लाट आल्यापासून आमच्यातले काही कीर्तनकार नवी भाषा बोलू लागले आहेत. टाळ्या वाजवल्याने तळहातावरचे बिंदू दाबले जातात आणि रक्तदाब उतरतो. गंध लावल्याने कपाळातली ग्रंथी जागी होते. हरिपाठ म्हणजे आमचा माइंडफुलनेस, परदेशातल्या शास्त्रज्ञांनीही मानले. मंडपात टाळ्या पडतात. मला मात्र हे ऐकताना विठ्ठलाला कोणी दवाखान्याच्या रांगेत केसपेपर घेऊन उभे केले आहे असे वाटते. अरे, नामाला प्रयोगशाळेचा दाखला कशाला हवा? रक्तदाबासाठी नाम घ्यायचे असेल तर उद्या त्याहून चांगली गोळी निघेल, आणि त्या दिवशी नाम सुटेल. ज्याने बाळाला ‘माझ्या वजनाला बरे पडते’ म्हणून कडेवर घेतले, तो बाप कसला! आणि ज्यांचे परदेशी शास्त्रज्ञ साक्षीला काढता, त्यांनी नेमके काय म्हटले हे यांतल्या एकानेही वाचलेले नसते.

आणखी एक कडू गोष्ट. निवृत्त माणूस शिबिराकडे का गेला, हे आम्ही कधी विचारले का? त्याला एक शांत कोपरा हवा होता. तो देवळात आला असता तर त्याला काय मिळाले असते? कर्णा. सकाळी कर्णा, संध्याकाळी कर्णा, सप्ताहात तर आठ दिवस चार दिशांना चार कर्णे. मंडपात रंगीत दिवे, कीर्तनकाराच्या मागे त्याचेच मोठे चित्र, बिदागी आधी ठरवलेली, आणि दोन तासांतला दीड तास सासू-सुनेचे विनोद. पत्नी गेलेला, मुले परदेशी असलेला एखादा मास्तर त्या मंडपात कुठे बसणार? तो उठून गेला तर दोष त्याचा नव्हे. शिबिरवाल्यांनी त्याला निदान बसायला जागा दिली, आणि कोणी त्याच्या कानाशी ओरडले नाही.

एक खुलासा मात्र करतो, नाहीतर या लेखाने कोणाचे नुकसान व्हायचे. ज्याला झोप लागत नाही, छाती धडधडते, जीव नकोसा वाटतो, त्याने डॉक्टरांकडे जावे. त्यांनी गोळ्या दिल्या तर घ्याव्यात, श्वासाचे व्यायाम सांगितले तर करावेत. आमच्या गल्लीतल्या एका बाईंना यजमान गेल्यावर रात्र रात्र झोप नव्हती. डॉक्टरांनी सांगितलेला श्वासाचा अभ्यास त्या करतात, त्यांना गुण आहे, आणि संध्याकाळी हरिपाठालाही येतात. त्यांना मी कधी ‘ते सोडा, नाम घ्या’ म्हटलेले नाही. आजारी माणसाला नाम घे म्हणजे बरा होशील असे सांगून त्याच्या गोळ्या बंद करणारे बुवा मी पाहिले आहेत, त्यांच्याबद्दल या मासिकात लिहिण्यासारखे शब्द माझ्याजवळ नाहीत. औषध हे औषध. माझे म्हणणे एवढेच की औषधाला आयुष्याचा अर्थ करून बसू नका.

कारण बहुतेक निवृत्तांचे दुखणे अशांतीचे नसतेच. ते अनुपयोगाचे असते. ज्याच्या सहीवाचून कागद हलत नव्हता त्याच्या सहीची आता फक्त बँकेत गरज. जिच्या हाताखाली चाळीस वर्षे मुले शिकली तिला नातू म्हणतो, ‘आजी, तुला नाही कळणार.’ मलाही हे ठाऊक आहे. बेचाळीस वर्षे मी कीर्तने केली. आता दोन तास उभे राहून बोलणे होत नाही, दम लागतो, म्हणून थांबलो. पहिल्या वर्षी कार्तिकी एकादशीच्या सुमारास टपालात एकही आमंत्रण आले नाही, तेव्हा घरात मोठी शांतता होती. इतकी की कोणाला हवी असती तर मी फुकट दिली असती. अशा माणसाला ‘शांत व्हा, स्वतःकडे पाहा’ असे सांगणे म्हणजे तहानलेल्याला सावलीत बसवणे. सावली बरी, पण पाणी? त्याला कोणीतरी बोलवायला हवे आहे. कुठेतरी त्याच्यावाचून अडायला हवे आहे.

मी सध्या गावच्या देवळात हरिपाठाला टाळ धरतो, मागच्या रांगेत. दोन ओळी समोरासमोर, मध्ये वीणेकरी, कडेला मृदंग. जमेल त्याने पावली टाकावी. हरिपाठाचे २८ अभंग, अर्ध्या-पाऊण तासाचे काम. ज्यांना त्यात लक्ष कसे लागते हे समजून घ्यायचे आहे त्यांच्यासाठी सांगतो, फायदा म्हणून नव्हे. तेथे मन पळाले की टाळ चुकतो, टाळ चुकला की शेजारचा पाहतो, आणि मन मुकाट परत येते. श्वास कुठे घ्यायचा हे चाल ठरवते. एका ओळीचा श्वास संपला की समोरची ओळ चरण उचलते, आपल्याला ऐकावे लागते. माझा आवाज आता फुटतो, तो शेजारच्या शेतकऱ्याच्या आवाजात झाकला जातो. त्याचा टाळ कधी मागे राहतो, तो मी सांभाळतो. कोणी एक दिवस आला नाही की हरिपाठ झाल्यावर दोघे त्याच्या घरी चौकशीला जातात. परवा एका म्हाताऱ्याचे पडणे त्यामुळेच वेळेत कळले. दार आतून बंद होते, फोन उचलत नव्हता.

पोरे येतात, सातआठ. त्यांना चाली शिकवायला माणूस हवा आहे. मला सगळ्या चाली येतात, पण गळ्यातून निघत नाहीत. संगीत येणारी निवृत्त बाई किंवा मास्तर कोणी असेल तर आम्ही दोघे मिळून एक शिक्षक होऊ. ज्ञानेश्वरीच्या पारायणाला वाचक कमी पडतात. डोळे ज्यांचे गेले त्यांना घरी जाऊन रोज एक पान वाचून दाखवणारे कोणी हवे, अशा तिघी म्हाताऱ्या माझ्याच आळीत आहेत. बँकेचे, पेन्शनचे, रेशनचे अर्ज भरून देणारा एक जण देवळाच्या ओट्यावर आठवड्यातून दोन दिवस बसला तर अर्धे गाव त्याला दुवा देईल. तो अर्ज भरताना विठ्ठल विठ्ठल म्हणाला तर उत्तम, नाही म्हणाला तरी चालेल, समोरच्याचे नाव नीट लिहिले म्हणजे झाले.

विश्वस्त मंडळींनाही सांगणे आहे. निदान हरिपाठाच्या वेळी कर्णा बंद ठेवा. आमच्याकडे मागच्या चातुर्मासात हे केले. पहिले आठ दिवस काहींनी कुरकुर केली की आवाज गावात जात नाही. मग ज्यांना ऐकायचे होते ते देवळात येऊ लागले.

आमच्याकडे हरिपाठ संध्याकाळी सहाला सुरू होतो. टाळांच्या अकरा जोड्या आहेत, पाच-सहा खुंटीलाच असतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी भिंतीकडेला दोन बाकडी टाकली आहेत. तुमच्या गावीही असतील, नसली तर विश्वस्तांकडे मागा.